नळ्यांपुढे थांबलेला कॅमेरा

मराठी रसिकाला ‘ऑर्गन’ म्हटले की संगीत नाटक आठवते. गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर सारंगीच्या जोडीने वाजणारा ऑर्गन पायाने भाता मारून वाजवायचा, आणि त्याचा आवाज पेटीसारखाच धातूच्या सुरांमधून निघायचा. कॅथेड्रलमधला पाइप ऑर्गन निराळा. तिथे हवा कथील-शिशाच्या आणि लाकडाच्या नळ्यांत फुंकली जाते. नळी जितकी लांब तितका स्वर खालचा; आठ फुटी नळीपेक्षा सोळा फुटी नळी एक सप्तक खाली बोलते. हे वाद्य हलवता येत नाही. ज्या इमारतीत ते बसवले, ती इमारतच त्याची घुमारी होते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या वाचकाची अशा वाद्याशी ओळख बहुधा छायाचित्रातूनच होते. जवळ म्हणावे तर नागपूरचे ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, ज्याला जॉर्ज बॉडली या इंग्रज वास्तुविशारदाचा हात लागला. त्यापुढे मुंबईच. म्हणून कॅथेड्रलचा अंतर्भाग टिपणारे छायाचित्रकार आपल्याला नेमके काय दाखवतात आणि काय गाळतात, हा प्रश्न केवळ छायाचित्रकलेपुरता उरत नाही.

या चित्रांचा साचा आता पक्का झाला आहे. कॅमेरा मधल्या वाटेवर, वेदीच्या बरोबर समोर. खांब ओळंब्यात. रंगीत काचांचा लखलखाट आणि कोपऱ्यांतला अंधार यांच्यात प्रकाशाचा इतका फरक असतो की एका टिपणीत दोन्ही सापडत नाहीत. म्हणून कमी-अधिक प्रकाशाच्या अनेक प्रतिमा एकत्र करून सारे सारखे उजळले जाते. ऑर्गनचे चित्र म्हणजे समोरच्या नळ्यांची सममित रांग. माणूस कुठेच नाही. यामागचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. चकचकीत नळ्यांवर पडणारी दिव्यांची तिरीप आवरणे हेही सोपे काम नव्हे. प्रश्न आहे तो या रिकामेपणाचा.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळी ओल्या काचेवर चित्र घेताना अंधाऱ्या दालनात भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात हललेला माणूस काचेवर उमटतच नसे. तेव्हा दालन रिकामे दिसे ते साधनांच्या मर्यादेमुळे. पुढे फ्रेडरिक इव्हान्स या इंग्रज छायाचित्रकाराने तोच रिकामेपणा आवडीने पत्करला. कॅथेड्रलमधल्या खुर्च्यासुद्धा तो हलवायला लावी. आजचा साचा त्याच्याच परंपरेतला आहे.

पण इव्हान्सचे सर्वांत गाजलेले चित्र कोणते? वेल्स कॅथेड्रलमधला जिना, 1903 सालचा. चित्रात माणूस नाही, मात्र पायऱ्या शतकानुशतकांच्या पावलांनी झिजून लाटांसारख्या झाल्या आहेत. माणसे हलवून ठेवणाऱ्या या छायाचित्रकाराचे श्रेष्ठ चित्र माणसांच्या वापराचे आहे. आपल्याकडच्या चित्रांनाही हीच कसोटी लावायला हवी.

मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल 1718 च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले. चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच आले. त्याच्या संवर्धनाचा 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत गौरव झाला. तिथली छायाचित्रे गव्हर्नर, अधिकारी आणि बिशप यांच्या संगमरवरी स्मारकांपाशी रेंगाळतात. कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये भित्तिचित्रे आणि पाइप ऑर्गन दोन्ही आहेत. कॅमेऱ्याला तिथे छत आणि नळ्या यांची भूल पडते. दोन्हीकडे आज उपासनेला येणारा मुंबईकर चौकटीबाहेर राहतो. परिणामी इमारत कायम साहेबाचीच वाटते. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्ती उपासना मराठी केली, त्याला शतक उलटून गेले. ती घडामोड या चित्रांच्या गावीही नाही.

ऑर्गनच्या बाबतीत हा साचा अधिकच फसवा ठरतो. पुष्कळ ऑर्गनांमध्ये समोरच्या काही नळ्या केवळ शोभेच्या, मुक्या असतात. बोलणाऱ्या बहुतेक नळ्या मागे पेटाऱ्यात दडलेल्या असतात. वाद्याचा खरा वापर दिसतो तो गुळगुळीत झालेल्या बाकावर, बुटांनी घासलेल्या पायपट्ट्यांवर, बोटांनी पुसट झालेल्या खिट्ट्यांवरील अक्षरांत, भात्याच्या कातड्यावरच्या ठिगळांत. हे सारे टिपायला ना भव्य भिंग लागते, ना रिकामे दालन.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उपासनेच्या वेळी कॅमेरा रोखणे अशोभनीय असते, आणि परवानगी मिळते ती बहुधा रिकाम्या वेळेचीच. ते मान्य. पण झीज टिपायला उपासना मोडावी लागत नाही. वादकाला विश्वासात घेतले तर सरावाच्या वेळी त्याचे हातपाय टिपता येतात. सोबत प्रत्येक खिट्टीचा आवाज ध्वनिमुद्रित केला, तर चित्राच्या मुकेपणावरही काही उतारा मिळतो.

हे केवळ रुचीचे भांडण नाही. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगते, कातडे कुजते. वाद्य हळूहळू मुके होते, पण त्याची दर्शनी रांग चमकतच राहते. आपल्या दप्तरी त्या रांगेचेच चित्र असेल, तर बिघाड चित्रात दिसणार नाही आणि दुरुस्तीचा पैसाही रंगरंगोटीत जाण्याचा धोका राहील. पुढे एखाद्या कारागिराला तो ऑर्गन पुन्हा बोलता करायचा झाला, तर सममित सौंदर्याचा त्याला काहीच उपयोग नाही. त्याला भाता कुठे जोडला होता, कोणती नळी कुठे बसत होती, हे लागेल. तेवढे दाखवणारे साधे, वेडेवाकडे छायाचित्र त्या दिवशी देखण्या चित्रांपेक्षा मोलाचे ठरेल.