एकच राईड, दोन आकडे: माझ्या पायलट स्टडीत नेमकं काय चुकलं

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे पाचला मी सिंहगडाकडे निघाले. हँडलवर मैत्रिणीकडून उसना आणलेला सायकल कंप्युटर, चाकाच्या हबवर त्याचा सेन्सर, आणि खिशात फोन, त्यावर राईड नोंदवणारं एक अ‍ॅप सुरू. खडकवासला, घाट, वर पिठलं-भाकरी, आणि दहाच्या आत घरी परत. दारात उभी राहून दोन्ही बंद केले.

फोन म्हणाला ६७.९ किलोमीटर, कंप्युटर म्हणाला ६६.८. एकूण चढ फोनवर ७९४ मीटर, कंप्युटरवर ८८६. सरासरी वेग फोनवर ताशी १३.९, कंप्युटरवर १७.८. सायकल तीच, रस्ता तोच, चालवणारी मीच.

हे मी गंमत म्हणून केलं नव्हतं. दहा दिवसांवर माझा प्रोग्रेस सेमिनार होता आणि त्यात मांडायचा माझा सगळ्यात लाडका निष्कर्ष गाईड मॅडमनी एका प्रश्नात हलवून टाकला होता. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलाय, त्यांच्यासाठी ही गोष्ट सविस्तर सांगते. सायकलशी तुमचा काही संबंध नसला तरी वाचा.

निष्कर्ष काय होता

पुण्यात हौसेने सायकल चालवणारे आणि कामावर जाण्यासाठी सायकल चालवणारे (वॉचमन, पेपर टाकणारे, दुकानात काम करणारे) यांच्या रोजच्या प्रवासाची मला तुलना करायची होती. पायलटसाठी दोन्ही गटांतल्या थोड्या लोकांकडून माहिती घेतली. हौशी मंडळींनी आपापल्या सायकल कंप्युटरच्या फायली पाठवल्या. कामावर जाणाऱ्यांकडे कंप्युटर नव्हते, म्हणून त्यांच्या फोनवर मी एक मोफत अ‍ॅप टाकून दिलं.

माहितीतून दोन गोष्टी दिसल्या. एक, कामावर जाणारे बरेच हळू जातात. दोन, तेवढ्याच अंतरावरच्या ठिकाणी जायला ते जास्त वळसा घेतात. दुसऱ्या गोष्टीवर मी खूश होते. मोठ्या रस्त्यांवरच्या बस आणि गाड्यांना घाबरून हे लोक पेठांमधल्या बोळांतून जातात, असं स्पष्टीकरणही लिहून ठेवलं होतं. चांगली चार पानं झाली होती.

मॅडमनी ती वाचली आणि विचारलं, "दोन्ही गटांकडे मोजायचं साधन एकच होतं का गं?"

नव्हतं. आणि मी त्याचा विचारही केला नव्हता.

अंतर: आधी कोणाला खरं मानायचं ते ठरवा

फोन अंतर मोजत नाही. तो दर थोड्या सेकंदांनी स्वतःची जागा टिपतो आणि त्या ठिपक्यांमधल्या सरळ रेषांची लांबी जोडत जातो. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा प्रत्येक ठिपका पाच-एक मीटर इकडेतिकडे असू शकतो. सदाशिव पेठेतल्या बोळात, दोन्ही बाजूंना इमारती असताना, सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका आणखी भरकटतो. मग तुम्ही सरळ गेलात तरी रेघ नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब असते. पीटर रानाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली नेमक्या याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिला: जीपीएसने मोजलेली अंतरं खऱ्यापेक्षा मोठी का येतात. त्यांच्या मांडणीतली महत्त्वाची गोष्ट अशी की इथे दोन चुका उलट दिशांनी ओढत असतात. ठिपक्यांच्या चुकीमुळे अंतर वाढतं. ठिपके विरळ असले की वळणं कापली जातात आणि अंतर घटतं. बॅटरी वाचवायला फोनने मागे चालणारं अ‍ॅप झोपवलं की ही दुसरी चूक होते.

आता माझा "वळसा" पुन्हा बघा. बोळांतून जाणाऱ्यांचं अंतर फोनने फुगवलं होतं. हौशी लोकांचं अंतर चाकाच्या सेन्सरने मोजलं होतं, ज्याला इमारतींशी काही देणंघेणं नाही. मी ज्याला भीती म्हणत होते त्यातला मोठा भाग जीपीएसचा गोंधळ होता.

"म्हणजे कंप्युटर खरा, फोन खोटा." मीही लगेच तिथेच उडी मारली होती. पण चाकाचा सेन्सर फक्त फेऱ्या मोजतो. एका फेरीत किती अंतर जातं हे आपण त्याला सांगितलेलं असतं. ७०० बाय २५ टायरचा परिघ साधारण २१०५ मिलिमीटर धरतात, ७०० बाय २८ चा २१३६. मैत्रिणीच्या सायकलला २५ चे टायर आहेत, माझ्या सायकलला २८ चे. तिचा कंप्युटर मी तसाच लावला होता. फरक जवळपास दीड टक्का. ६६.८ मध्ये तो मिळवा, उत्तर येतं ६७.८. म्हणजे त्या दिवशी महागडं यंत्र चुकत होतं आणि फोन जवळपास तेच सांगत होता. सिंहगडाचा बराचसा रस्ता मोकळा आहे, त्यामुळे फोनचं तिथे बरं चाललं. तोच फोन पेठेत तसाच वागेल असं नाही.

पेटच्या पुस्तकात विश्वसनीयता आणि वैधता यांच्या व्याख्या आपण घोकतो ना? हे त्याचं उदाहरण. चुकीचा परिघ भरलेला सेन्सर शंभर वेळा मोजलं तरी तेच उत्तर देईल. विश्वसनीय आहे, वैध नाही. शिवाय ही चूक सरासरी काढून जात नाही, कारण ती दरवेळी एकाच बाजूला असते. नमुना मोठा घेतला की सगळं ठीक होतं, असं आपल्याला उगाच वाटत असतं.

चढ: ज्याला एकच खरं उत्तर नाही

चढाची गंमत वेगळी आहे. बऱ्याच सायकल कंप्युटरमध्ये बॅरोमीटर असतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने घटला की तो समजतो आपण आठ-नऊ मीटर वर आलो. पण दाब आपण जागेवर असतानाही बदलतो. उष्ण कटिबंधात तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. मी पहाटे पाचला निघून दहाच्या आत परतले. कंप्युटरच्या मते माझं घर तेवढ्यात वीसेक मीटर खाली गेलं होतं!

ज्या फोनमध्ये बॅरोमीटर नसतो, तिथे अ‍ॅप बहुतेक वेळा तुमची जागा उंचीच्या नकाशावर ठेवून आकडा उचलतं. अशा नकाशांपैकी सर्वांत माहितीतला एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेला. त्याचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा. घाटातला रस्ता त्याहून बराच अरुंद. ठिपका थोडा सरकला की नकाशा तुम्हाला रस्त्याऐवजी वरच्या कड्याची किंवा खालच्या उताराची उंची देतो. कात्रजच्या बोगद्यातून गेलात तर नकाशाला बोगदा माहीतच नाही, तो तुम्हाला डोंगरावरून नेतो.

हे झालं उंचीचं. एकूण चढ काढताना आणखी एक निर्णय लागतो: किती मीटर चढलं की त्याला चढ म्हणायचं? स्ट्राव्हाने आपल्या मदतपानावर हे सांगितलेलं आहे. बॅरोमीटरची चांगली नोंद असेल तर सलग २ मीटरहून जास्त चढ धरला जातो, नसेल तर १० मीटरहून जास्त. समजा रस्त्यावर सहा-सहा मीटरचे वीस चढउतार आहेत. पहिल्या नियमाने चढ १२० मीटर, दुसऱ्या नियमाने शून्य. दुसरा नियम मूर्खपणाचा नाही. तो नसता तर सपाट रस्त्यावरही ठिपक्यांच्या थरथरीतून शेकडो मीटर चढ जमा झाला असता.

मग खरा चढ किती? या प्रश्नाला मोजपट्टीचा आकार सांगितल्याशिवाय उत्तर नाही. भारताचा समुद्रकिनारा आपण शाळेत ७,५१६ किलोमीटर शिकलो. अलीकडच्या सरकारी मोजणीत तो ११,०९८ किलोमीटर झाला. किनारा लांबला नाही. या वेळी नकाशा जास्त बारीक होता, त्यामुळे खाड्यांची वळणं मोजली गेली, इतकंच.

वेग: इथे चूक सरळसरळ माझी

वेगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कंप्युटर सिग्नलला थांबलं की वेळही थांबवत होता. मी दिलेलं अ‍ॅप थांबवत नव्हतं. ५० किलोमीटर गेलात, चाक दोन तास फिरलं आणि घराबाहेर अडीच तास होतात, तर तुमचा वेग २५ की २०? दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या गोष्टी. मी एका गटाचा २५ आणि दुसऱ्याचा २० घेऊन शेजारी शेजारी ठेवले आणि "कामावर जाणारे हळू" असं लिहिलं. दोन्ही रकान्यांचं नाव एकच होतं, "सरासरी वेग", म्हणून.

फायलीचं रूपही असंच फसवतं. काही जणांनी मला जीपीएक्स फाईल पाठवली होती, काहींनी फिट. जीपीएक्सच्या ठिपक्यांत जागा, उंची आणि वेळ असते, चाकाने मोजलेलं अंतर नसतं. म्हणजे सेन्सर असूनही त्या फायलीतलं अंतर पुन्हा जीपीएसवरूनच काढलं जातं.

माझा आक्षेप कशावर आहे

यंत्रं चुकतात, यावर माझा आक्षेप नाही. कुठलंही मोजमाप चुकतं. पहिला आक्षेप पडद्यावर दिसणाऱ्या त्या दशांश चिन्हावर आहे. "६७.९" आणि "७९४" बघून वाटतं की कोणीतरी टेप लावून मोजलंय. खरं तर ते बरेच निर्णय घेऊन काढलेलं अनुमान असतं. ते निर्णय मदतपानावर कुठेतरी लिहिलेले असतीलही, पण आकड्याशेजारी नसतात. हौशी माणसाला त्याने फरक पडत नाही. संशोधकाने मात्र तो आकडा उचलून तक्त्यात टाकला की ते सगळे निर्णय त्याचे स्वतःचे होतात. माझे झाले होते, मला न कळता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्यासारख्यांवर आहे. कोणाकडे कोणतं साधन आहे हे योगायोगाने ठरत नाही. कंप्युटर परवडणारा आणि सहा वर्षं जुना फोन वापरणारा यांच्यात पैशाचा, वेळेचा, रस्त्याचा फरक असतोच. त्यामुळे साधनाची चूक दोन्ही गटांत सारखी वाटली जात नाही. ती एका गटाला चिकटते आणि मग त्या माणसांचा स्वभाव म्हणून दिसू लागते. मी एका वॉचमनकाकांच्या फोनची थरथर त्यांच्या मनातली भीती म्हणून लिहून मोकळी झाले होते.

हे फक्त माझ्या सेमिनारपुरतं नाही. स्ट्राव्हा मेट्रो या नावाने नाव-गाव काढलेली एकत्रित राईड माहिती २०२० पासून शहर-नियोजकांना मोफत मिळते. ती उपयोगी आहे, नाही असं नाही. पण त्यात अ‍ॅप वापरणारेच असतात. सायकल ट्रॅक कुठे हवा हे फक्त अशा माहितीवरून ठरवलं, तर पहाटे पेपर टाकणारा त्या नकाशावर नसणारच. माझ्या पायलटमध्ये तो निदान होता, पण चुकीचा मोजलेला.

मग मी काय केलं

चार गोष्टी. पहिली, आठ-दहा राईड दोन्ही साधनं एकाच सायकलवर लावून केल्या, बोळात, हमरस्त्यावर, घाटात. कुठल्या जागी फरक कोणत्या बाजूला जातो ते कळलं. दुसरी, दोन्ही गटांना एकाच प्रकारचा फोन आणि एकच अ‍ॅप दिलं. तिसरी, तयार आकडे घेणं बंद केलं. कच्चे ठिपके घेऊन थांबणं म्हणजे काय, अंतर कसं काढायचं, हे नियम स्वतः लिहिले आणि दोन्ही गटांना सारखे लावले. चौथी, घरून निघून घरीच येणाऱ्या राईडमध्ये सुरुवातीची आणि शेवटची उंची जुळते का ते बघायची सवय लावली. फुकटात होणारी तपासणी आहे, कोणी करत नाही.

पुन्हा माहिती घेतल्यावर वळशाचा फरक जवळपास नाहीसा झाला. वेगाचा थोडा उरला. नमुना लहान आहे, म्हणून आकडे इथे देत नाही. ती चार पानं काढून टाकावी लागली. वाईट वाटलं. सेमिनारमध्ये त्यांच्या जागी सिंहगडाच्या राईडचा तक्ता लावला आणि समितीचा निम्मा वेळ त्यावरच गेला.

तुमचा विषय वेगळा असेल. शाळेतली हजेरी असेल, पावलं मोजणारं घड्याळ असेल, फोनवर आणि कागदावर भरून घेतलेली प्रश्नावली असेल. सिनॉप्सिसमध्ये "माहिती संकलनाची साधने" या मथळ्याखाली तुम्ही एक ओळ लिहिली असेल. ती आज उघडा आणि तिच्याखाली अजून दोन लिहा: हे साधन कुठे, कोणत्या बाजूला चुकतं, आणि ते माझ्या कोणत्या गटाच्या वाट्याला जास्त येतं. लिहिता आलं नाही तर पायलट थोडा पुढे ढकला. आधी साधन घेऊन एक चक्कर मारून या.