खुन्साची सफ

पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी इंटरसेक्स या विषयावर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, ही मोलाची गोष्ट. एरवी आपले लेखक हिजडा, तृतीयपंथी, इंटरसेक्स सारे एकाच माळेत ओवतात. २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येनेही तेच केले. आपल्याला मात्र हा विषय नवा नसावा. हनफी फिकहच्या ‘हिदाया’त खुन्सावर वेगळे प्रकरण आहे. ज्याचा निर्णय लागत नाही तो ‘खुन्सा मुश्किल’. नमाजात त्याची जागा पुरुष व स्त्रियांच्या सफांच्या मध्ये. जागा दिली, खरेच. पण वारशात इमाम अबू हनीफांच्या मते कमी भरेल तो हिस्सा! आणि ही मुश्किल कोणाची? फकीहांची. काही इंटरसेक्स व्यक्ती स्वतःला स्त्री वा पुरुष मानतात, काही ‘दोन्ही नाही’ म्हणतात. हे म्हणणारा आवाज मुस्लिम मराठी कथेत मला अजून भेटलेला नाही.