कांथा आणि गोधडी

जुन्या वस्त्रांचे थर शिवून केलेल्या पांघरुणाला कलाकृती म्हणावे काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. बंगालमध्ये तो एका सरकारी अधिकाऱ्याच्या मनात आला. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी आय. सी. एस. सेवेत असताना खेड्यापाड्यांतून पट, मूर्ती यांच्या बरोबरीने स्त्रियांनी शिवलेल्या कांथाही जमविल्या. मानदासुंदरी दासी हिने वडिलांसाठी केलेली, स्वतःचे नाव टाक्यांनी लिहिलेली प्रसिद्ध कांथा याच संग्रहातील.

कांथेचे साहित्य म्हणजे विरलेली साडी वा धोतर. दोरा पुष्कळदा जुन्या काठांतून उसवून काढलेला. टाका साधा धावदोऱ्याचा. मध्ये कमळ, कोपऱ्यांत झाडे, मधल्या जागेत हत्ती, रथ, माणसे. रसिक भुलतात ते या चित्रांना. परंतु कांथेचा खरा गुण तिच्या वस्त्रात आहे. वापराने मऊ झालेल्या थरांतून टाका सुखाने जातो आणि मोकळ्या पांढऱ्या जागेतही पाण्यावरच्या तरंगांसारखी वळी उमटते. नव्या रेशमी साडीवरील कांथाकामात कौशल्य असते, देखणेपणही असते. पण टाक्याला प्रतिसाद देणारे ते जीर्ण वस्त्र तेथे नसते. ते भरतकाम झाले, कांथा नव्हे.

ही कसोटी मान्य केली, तर आपल्या गोधडीचाही विचार न्यायाने करावा लागेल. चित्रकथेच्या बाबतीत कांथेशी तिची बरोबरी होणार नाही, हे मोकळेपणाने कबूल करावे. तथापि लुगड्याचा हिरवा तुकडा, खणाची पट्टी, सदऱ्याची चौकट यांची जुळणी आणि कडेपासून आत आत जाणारे टाक्यांचे चौकोन यांत रंगाची व रचनेची जाण दिसते. पुरेशा तुकड्यांअभावी करावी लागलेली तडजोडही कित्येकदा रचनेला जिवंतपणा आणते. तिला केवळ ‘उपयोगी’ म्हणून बाजूस सारणे ही समीक्षेची उणीव होय.

बदलीच्या गावी सामान हलविताना ट्रंकेच्या तळची गोधडी सर्वांआधी टाकून दिली जाते. टाकण्यापूर्वी ती उजेडात पसरून पाहावी, आणि ती कोणी शिवली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. मानदासुंदरीचे नाव तिच्या टाक्यांनी राखले. आपल्या आज्यांपैकी बहुतेकींनी ते लिहिलेलेच नाही.