खोक्यावरचे ल्युमेन आणि रस्त्यावरचा उजेड

मागच्या वर्षी कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये मी दोन फोटो दाखवले होते. एकाच भिंतीवर माझ्या मोटरसायकलच्या हेडलाइटचा उजेड. डावीकडे जुना हॅलोजन, उजवीकडे बाजारातून आणून बसवलेला एलईडी बल्ब. उजवीकडची भिंत पांढरीफटक. खाली निष्कर्ष: ‘एलईडीमुळे रात्रीची दृश्यमानता वाढते.’ टाळ्या मिळाल्या. त्याच जोरावर मी गावी मामांच्या गाडीलाही तसाच बल्ब बसवून दिला.

दिवाळीनंतर मामांचा फोन आला. “उजेड झकास आहे रे, पण काल उसाची ट्रॉली पार जवळ गेल्यावर दिसली. आधीचा बल्ब मिणमिणता होता, पण लांबचं जरा तरी कळायचं.” ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रेडियमही नव्हतं, हे खरं. पण मामांचं म्हणणं माझ्या निष्कर्षाच्या बरोब्बर उलटं होतं, आणि ते रस्त्यावरून आलेलं होतं. म्हणून आज माझ्याच सेमिनारची चिरफाड करतोय. आधी-नंतरचे असे फोटो तुम्हीही ढिगाने पाहिले असतील. त्यांच्यातल्या आणि माझ्यातल्या चुका सारख्याच आहेत.

पहिली चूक: भलतंच मोजलं. खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा उजेड. मोटरीने तासाभरात किती पाणी उपसलं, तसला हा आकडा. ते कोणत्या वाफ्यात गेलं हे त्यावरून कळत नाही. एका दिशेला किती उजेड जातो ते कँडेलामध्ये मोजतात, आणि समोरच्या वस्तूवर किती पडतो ते लक्समध्ये. कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की लक्स मिळतात. म्हणजे त्याच दिशेचा उजेड दुप्पट झाला, तरी तेवढेच लक्स १.४ पट अंतरावरच मिळतात, दुप्पट अंतरावर नाही.

शिवाय तो छापील आकडा शक्य तरी आहे का, हेही तपासायचं असतं. समजा खोक्यावर २०,००० ल्युमेन लिहिलंय आणि बल्ब प्रत्यक्षात २० वॉट ओढतोय. भागाकार करा: दर वॉटला १,००० ल्युमेन. आता, मानवी डोळा सर्वात संवेदनशील असतो त्या ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडासाठीसुद्धा कमाल मर्यादा आहे वॉटला ६८३ ल्युमेन. पांढऱ्या उजेडाची त्याहून बरीच कमी. हा भागाकार मी सेमिनारआधी केलाच नव्हता.

दुसरी चूक: बल्ब आणि हेडलाइट एकच समजलो. हॅलोजनच्या एचएस-१ किंवा एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, अप्परचं आणि डिपरचं. डिपरचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या नाभीच्या जरा पुढे असतं आणि त्याच्या खाली छोटी धातूची वाटी असते. वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. वर अंधार, खाली उजेड, अशी कट-ऑफ रेषा अशी तयार होते. आजकालच्या रिफ्लेक्टरमध्ये अनेक पैलू असतात, पण प्रत्येक पैलूचा कोन फिलामेंट कुठे आहे हे धरूनच ठरवलेला असतो.

एलईडी बल्बमध्ये फिलामेंटच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप असतात. आकार वेगळा, जागा वेगळी, उजेड फेकण्याची दिशाही वेगळी. त्याने किती बिघडतं? साधं गणित करू. रिफ्लेक्टरची फोकल लांबी २५ मिलिमीटर धरा. उजेडाचा उगम अक्षापासून १ मिलिमीटर खाली सरकला, तर रिफ्लेक्टरच्या मधल्या भागातून निघणारा किरण १/२५ रेडियन, म्हणजे सुमारे २.३ अंशांनी वर जातो. २५ मीटरवर हा फरक होतो १ मीटर! डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे २५ मीटरवर फक्त २५ सेंटिमीटर. एका मिलिमीटरने तो झुकाव चौपटीने पुसला जातो आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. युरोपीय नियमांतला मोजणीचा पडदा २५ मीटरवरच असतो. माझी भिंत होती तीन मीटरवर. तिथे हाच फरक १२ सेंटिमीटरचा, आणि मी तोही पाहिला नाही. मी फक्त ‘किती पांढरं’ पाहिलं.

तिसरी चूक मामांनी पकडली. विस्कटलेल्या झोताचा बराच उजेड चाकाच्या पुढच्या पाच-दहा मीटरवर सांडतो. तिथला रस्ता लख्ख दिसतो, बरं वाटतं. पण डोळा त्या लख्ख उजेडाशी जुळवून घेतो आणि पलीकडचा अंधुक भाग आणखी काळा होतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तिथेच संपले. पुढे बऱ्या कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून सुमारे २८. एकूण ५३ मीटर. ट्रॉली दिसायला हवी ती तिथे, चाकापुढे नाही.

चौथी चूक म्हणजे तुलनाच अन्याय्य होती. माझा हॅलोजन जुना, काच धुरकट, वायरिंग गंजकं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्के जातो. एलईडी बसवताना मात्र मी काच पुसली होती आणि कनेक्टर घासून साफ केला होता! कंट्रोल कसा बिघडवावा याचा हा आदर्श नमुना. त्यात फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोला एक्स्पोजर आपोआप बदलतो. दोन्ही फोटोंना एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकच ठेवला नसेल तर ते शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

आणि पाचवी, जिची मला सगळ्यात जास्त लाज वाटते: समोरून येणारा माणूस माझ्या अभ्यासात नव्हताच. हेडलाइटचं काम दुहेरी असतं, आपल्याला दाखवायचं आणि दुसऱ्याला आंधळं करायचं नाही. मी अर्धंच मोजलं.

याचा अर्थ एलईडी वाईट असा मुळीच नाही. चिप धरूनच रिफ्लेक्टर किंवा लेन्स आखलेली कंपनीची एलईडी हेडलाइट उत्तम असू शकते. बदली एलईडी बल्बला जर्मनीत २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण ती तपासलेल्या ठरावीक गाड्यांच्या यादीपुरतीच. परवानगी बल्ब आणि हेडलाइट या जोडीला मिळते, सुट्या बल्बला नाही. माझं वाक्यही असंच बांधून घ्यायला हवं होतं: कोणता बल्ब, कोणत्या रिफ्लेक्टरमध्ये, किती अंतरावर, कोणाच्या डोळ्यांना.

तुम्ही संशोधन प्रस्ताव लिहीत असाल तर ‘वाढते’, ‘सुधारते’ या क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी लिहा: काय, कुठे, कशाच्या तुलनेत. उत्तर सुचत नसेल तर वाक्य अजून तयार नाही.

गेल्या रविवारी गावी जाऊन मामांच्या गाडीला नवा हॅलोजन बसवला, वायरिंगला रिले टाकला, काच बदलली आणि झोत खाली झुकवून घेतला. रात्री मामा एक चक्कर मारून आले. म्हणाले, “मागच्याएवढा भपका नाही. पण वळणावरचा मैलाचा दगड दिसला.” हेही एकाच माणसाचं मत आहे, पुरावा नाही. या वेळी निष्कर्षाची स्लाइड मी अजून केलेली नाही.