लोकलमधील भजन : एक परीक्षण

संगीतावर लिहिणारे आमचे टीकाकार मैफलीची चर्चा करतात, नाट्यपदांची करतात. परंतु बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतून कामावर जाणारी मंडळी लोकलच्या डब्यात जे भजन करतात, त्याचे परीक्षण करावे असे सहसा कोणास वाटत नाही. ज्यांस वाटते ते एक तर भक्तीचा महिमा म्हणून त्यास डोक्यावर घेतात, किंवा गोंगाट म्हणून झिडकारतात. आमच्या मते दोन्ही पक्षांची कसोटीच चुकली आहे.

गोंगाटाचा आरोप प्रथम मान्य करून टाकू. टाळांचे दोनचार जोड, गाडीची धडधड आणि तीवर मात करू पाहणारे घसे, यांत स्वरमाधुर्य शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच यावयाची. परंतु वारकरी भजनाची घडण ध्यानात घ्यावी. एकाने चरण म्हणावा व बाकीच्यांनी ध्रुपद उचलावे, अशी ती आहे. ज्यास चरण पाठ नाही व ज्यास गळाही नाही, त्यालाही ध्रुपदात शिरता येते. कोकणी मंडळींनी मुंबईत रुजविलेली डबलबारी हिच्याशी ताडून पाहावे. तेथे दोन बुवांची चढाओढ असते, पखवाजाची तयारी असते. कलेच्या दृष्टीने ती निःसंशय वरचढ होय. मात्र तिला श्रोते लागतात. डब्यातील भजनाचे श्रोत्यावाचून अडत नाही. गाणारा मात्र एकटा असून चालत नाही.

हा भेद संकटकाळी महत्त्वाचा ठरतो. आमच्या उपनगरांच्या वाट्याला संकटे थोडी आली नाहीत. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलमध्ये स्फोट झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे दगावली. जोगेश्वरी व बोरिवली ही स्थानकेही त्या मालिकेत होती. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या, आणि मुंबईच्या हिंमतीचे गोडवे गायिले गेले. ती हिंमत की पोटाची निकड, हा वाद बाजूस ठेवू. तशाच डब्यात पुन्हा पाय ठेवणाऱ्यास ओळखीचे चेहरे हवे असतात, एवढे मात्र खरे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली माणसे. एक टाळ कमी वाजला तर ‘आज ते का बरे आले नाहीत?’ अशी चौकशी व्हावयाचीच. ही चौकशीची सवय संकटापूर्वीच लागलेली असावी लागते. नंतर निधीसाठी भरविलेल्या जलशाने पैसा उभा राहील, ती सवय नव्हे.

वेल्समधील अॅबरफॅन गावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीचा ढिगारा घसरून शाळेवर आला. १४४ जीव गेले. त्यांपैकी ११६ मुले होती. त्या शोकातून तेथील पुरुषांनी गायकवृंद उभारला. गाण्याने दुःख नाहीसे झाले असे कोण म्हणेल? तथापि गाण्यासाठी म्हणून ती माणसे एकत्र बसत राहिली, हे थोडे नव्हे.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. करोनाच्या साथीत, २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून, लोकल बंद झाल्या, आणि एकत्र गाणेच घातक ठरले. दूरध्वनीच्या पडद्यावर जमून भजन करू पाहणाऱ्यांस लवकरच कळून आले की, आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि टाळ जुळत नाही. अशा वेळी एकाने गावे व इतरांनी मुकाट्याने ऐकावे, एवढेच उरते.

तोच प्रकार आम्ही साथीवाचूनही हौसेने करीत आहोत. घरच्या आरतीत आजीपासून नातवापर्यंत सारे बेसूर का होईना गातात. सार्वजनिक मंडपात तीच आरती ध्वनिक्षेपकातून ध्वनिमुद्रित वाजते, आणि शेजारीपाजारी हात जोडून उभे राहतात. सूर सुधारला, परंतु माणसे मुकी झाली.

लोकलमधील मंडळींचाही एक दोष आहे, आणि तो स्वराचा नव्हे. रात्रपाळी करून परतणारा, आजारी, अन्यधर्मीय, असा सहप्रवासी चालत्या गाडीतून उठून जाऊ शकत नाही. त्यास बळेच श्रोता केले की, भजनाने ध्वनिक्षेपकाचाच मार्ग धरला म्हणावयाचे. आवाज आपल्या घोळक्यापुरता ठेवावा, जागा अडवू नयेत, आणि नवख्याने ध्रुपद उचलले तर त्याच्याकडे वळून पाहावे. या तीन गोष्टी सांभाळणाऱ्या मंडळाचा सूर चढला-उतरला, तरी टीकाकाराने त्यास उणे लेखू नये.