लाल रेघ न आलेली चूक

गेल्या दिवाळीत आजी फोन तोंडाजवळ धरून नागपूरच्या आत्याला निरोप पाठवत होती. तिला टाईप करणं जमत नाही, म्हणून माइकचं बटण मीच दाखवून दिलं होतं. ती म्हणाली, "मले करमत नाही. तू कवा येशील?" स्क्रीनवर उमटलं, "मला करमत नाही. तू हवा येशील." मी हसलो, 'हवा' खोडून 'कधी' लिहिलं आणि पाठवून दिलं. पाच मिनिटांत आत्याचा फोन आला : "हे आईचं बोलणं नाही. तू लिहून देल्लं ना?"

या निरोपात दोन चुका झाल्या होत्या. 'हवा' मला लगेच दिसली. 'मला' दिसलीच नाही, कारण ती चुकीसारखी दिसत नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. टायपिंगचं साधन किती चांगलं, हे जोखताना आम्ही मुख्यतः दोन आकडे बघतो : मिनिटाला किती शब्द आणि शंभर शब्दांमागे किती चुका. पण चुका मोजायला आधी 'बरोबर' काय ते ठरवावं लागतं. तपासणाऱ्याची उत्तरपत्रिका प्रमाण मराठीत असेल, तर 'मले'चं 'मला' झाल्याची नोंदच होणार नाही. उलट साधनाला पैकीच्या पैकी गुण मिळतील.

हे फक्त वऱ्हाडीचं दुखणं आहे असं समजू नका. आपल्यापैकी बहुतेक जण रोमन अक्षरं दाबून मराठी लिहितात. kal दाबलं की काल, काळ, कळ, कल यांतलं काय हवं, याचा अंदाज कीबोर्ड बांधतो. लग्नाच्या तयारीत 'आचाऱ्यांना पैसे द्या' असं लिहायला जा. 'आचार्यांना' असं उमटलं, तर स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींकडे गेले! दोन्ही शब्द शुद्ध आहेत, त्यामुळे लाल रेघ येत नाही. फरक आहे तो फक्त 'र' कसा जोडला याचा, आणि रोमन लिपीत त्या फरकाला जागाच नाही.

अंदाज न बांधणारं साधन आपल्याकडे आहे. १९८६मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट ही कळरचना ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच कळेवर, शिफ्ट दाबलं की ख. हीच मांडणी बंगाली, कन्नड आणि इतर भारतीय लिप्यांनाही चालते. एनच्या कळेवर ल, शिफ्टसह ळ. जेच्या कळेवर र, शिफ्टसह ऱ, म्हणजे 'आचाऱ्यां'मधला र. ही कळ दाबल्यावर जे मागितलं तेच येतं. 'मले' लिहिलं तर 'मले'च राहतं.

तरी इन्स्क्रिप्टला मी निर्विवाद विजेता म्हणणार नाही. ती हातात बसायला काही आठवडे लागतात, आणि दुकानातल्या बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी छापलेलीच नसते. फोनच्या अरुंद पडद्यावर तर इतकी अक्षरं दाटीवाटीने बसवावी लागतात की बोट शेजारच्याच कळेवर पडतं. शिवाय माझ्या आजीने ती शिकावी, असं कोणत्या तोंडाने सांगू? अंदाज बांधणाऱ्या साधनांनी तिच्यासारख्या कितीतरी जणांना पहिल्यांदा लिहितं केलं. हा उपकार छोटा नाही.

म्हणून माझी तक्रार अंदाजाबद्दल नाही, अंदाज लपवण्याबद्दल आहे. साधनाचं मूल्यमापन करताना आपण आत काय जातं हे तपासतो, पण बाहेर काय दाखवलं जातं हे विसरतो. आजी 'मले' म्हणाली आणि यंत्राने 'मला' लिहिलं, तेव्हा त्या शब्दाबद्दल त्याची खात्री किती होती, दुसरा पर्याय कोणता होता, हे आत कुठेतरी हिशेबात असतं. पडद्यावर मात्र 'करमत' आणि 'मला' सारख्याच ठाम काळ्या अक्षरांत येतात. शंका असलेला शब्द फिकट दाखवता येईल. ठेवलेला आणि बदललेला शब्द शेजारी दाखवता येतील. तीनदा परत लिहिलेला शब्द चौथ्यांदा न सुधारण्याइतकं शहाणपण देता येईल. यातलं काहीच अवघड नाही. आम्ही ते करत नाही, कारण स्वच्छ पडदा बघून वापरणारा खूश होतो आणि चुकांचा आकडाही वाढत नाही.

पण आत्याला पकडता आली ती चूक मलाही कळली नव्हती. 'हवा' खोडल्यावर मी 'कवा' लिहायला हवं होतं. माझं बोट 'कधी'कडे गेलं. यंत्राने एक शब्द बदलला, दुसरा मी बदलला. शाळेत 'शुद्ध' लिहायला शिकलो ते दोघांच्याही अंगात भिनलेलं.

त्या रात्री मी आजीच्या फोनच्या शब्दकोशात 'मले', 'तुले', 'कवा' टाकले. माइकवर बोललं की अजून 'मला'च येतं. आता आजी सरळ आवाज रेकॉर्ड करून पाठवते. आत्याला त्यात नंतर काही शोधायचं झालं, तर सगळं पुन्हा ऐकावं लागतं. ती ऐकते.