काचेतली गिटार आणि दारातले तुणतुणे

लोकप्रिय संगीत आणि विज्ञानकथा हे दोन विषय एकाच छताखाली मांडणारे एक संग्रहालय अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरी आहे. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी, त्याच शहरात जन्मलेल्या जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाच्या प्रेमापोटी, २००० साली ते उभे केले. वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांनी आखलेली ही वेडीवाकडी, चकाकत्या धातूच्या पत्र्यांनी मढवलेली इमारत पाहण्यासाठीही लोक येतात. २००४ साली त्याच इमारतीत विज्ञानकथांचे संग्रहालय सुरू झाले आणि २०१६ पासून या सर्वांना मिळून ‘म्युझियम ऑफ पॉप कल्चर’ असे नाव आहे.

रेणापूरच्या शिक्षकाला याचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आपली सहल फार तर सोलापूरच्या नाही तर मुंबईच्या विज्ञान केंद्रापर्यंत जाणार. परंतु अशा संग्रहालयाचे परीक्षण आपल्याला उपयोगी पडते ते वेगळ्या कारणासाठी. ‘हाताळा आणि शिका’ हा शब्दप्रयोग आता आपल्या शाळांतही रुळला आहे. हाताळण्याने नक्की काय शिकले जाते, हे तपासायला असा खर्चिक नमुना बरा.

एक साधी कसोटी

भौतिकीतज्ज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू केले. ‘हात लावू नका’ ही पाटीच तेथे नको, अशी त्यांची भूमिका होती. पुढे जगभर तशी केंद्रे निघाली. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली उघडले, तेही याच परंपरेतले. मात्र कळ दाबली की दिवा लागतो, एवढ्याने प्रदर्शनीय वस्तू हाताळण्याजोगी होत नाही. आमच्या मते कसोटी अशी असावी : पाहणाऱ्याला तेथे चुकता आले पाहिजे. त्याने एक अंदाज करावा, हाताने काही बदलावे आणि वस्तूने ‘तुझा अंदाज बरोबर’ किंवा ‘चूक’ असे उत्तर द्यावे.

या कसोटीवर सिअ‍ॅटलचे दालन लावून पाहू. तेथील ‘साउंड लॅब’मध्ये कोणीही जाऊन गिटार, ढोल, कळफलक वाजवू शकतो. तार सैल केली तर स्वर उतरतो, घट्ट केली तर चढतो. येथे चुकता येते, म्हणून शिकता येते. याउलट रंगमंचाची नक्कल करणारा एक विभाग तेथे उभारला गेला होता. दिवे, धूर आणि समोर पडद्यावर गर्दी. ही गर्दी आधीच चित्रित केलेली! मौज खरी, पण जो श्रोता बेसूर वादनालाही टाळ्या देतो तो कोणाला काय शिकवणार? ट्रिम्पिन या कलावंताने पाचशेंहून अधिक वाद्ये रचून केलेला मनोराही तसाच. त्यातली काही वाद्ये संगणकाच्या आज्ञेने आपोआप वाजतात. थक्क व्हावे असे ते शिल्प आहे, पण तेथे आपण केवळ प्रेक्षक असतो.

आता विज्ञानकथेचा भाग. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कप्तानाची खुर्ची हे तेथील एक मोठे आकर्षण ठरले. हेंड्रिक्सने १९६९ साली वुडस्टॉकच्या मैफलीत वाजवलेली गिटारही अ‍ॅलन यांच्या संग्रहात होती. दोन्ही वस्तू काचेआड ठेवण्याच्या. पण दोहोंत एक फरक आहे. काचेतल्या गिटारीसारखी दुसरी गिटार शेजारच्या दालनात वाजवून पाहता येते. खुर्चीचे तसे नाही. विज्ञानकथेचा प्राण ‘असे झाले तर?’ या प्रश्नात असतो आणि तो प्रश्न खुर्चीत नसतो. पोशाख, मुखवटे, खोट्या बंदुका पाहून चित्रपट आठवतो, विचार सुरू होत नाही. या संग्रहालयाचा आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष हाच.

आपल्याकडचा विस्कळीत ठेवा

आपल्याकडे असे एकत्र संग्रहालय नाही. पण त्याचे सर्व भाग वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा देखणा संग्रह आहे. वाद्ये जुनी, म्हणून काचेत हे समजते. पण काचेतली वीणा मुकी असते आणि मुक्या वाद्याबद्दल मूल प्रश्न विचारत नाही. बंगळुरूला २०१९ साली ‘इंडियन म्युझिक एक्सपीरियन्स’ हे भारतीय संगीताचे संग्रहालय सुरू झाले. त्याच्या अंगणातल्या ध्वनिउद्यानात दगड-धातूची शिल्पे वाजवून पाहता येतात. आमच्या कसोटीला ते उतरते.

मिरजेत संग्रहालयाहून चांगली गोष्ट आहे : वाद्ये घडवणारे कारागीर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी सपाट नसून किंचित गोलसर असते. तिच्यावर तारेखाली एक धागा सरकवून कारागीर ‘जवारी’ लावतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लेख लिहिला, तो नेमका या घोडीच्या करामतीवर. नियमाप्रमाणे तार बरोबर मध्यावर छेडली तर ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू तेथे येतो ते, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, उमटू नयेत. तंबोऱ्यात ते उमटतात! कारण कंप पावताना तार गोलसर घोडीला पुनःपुन्हा चाटून जाते. त्याआधी १९२० साली मृदंगाच्या शाईमुळे चामड्याचे उपस्वर कसे सुसंवादी होतात, हे त्यांनी सहकाऱ्यासह दाखवले होते. पुढे नोबेल मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाला वाद्यातला प्रश्न हलका वाटला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

विज्ञानकथेचे घर तर मराठीत जुनेच. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव घेणारे लेखक म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली होती. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ कोणी दालन उभारलेच, तर त्यात त्यांचा चष्मा आणि लेखणी ठेवून भागणार नाही. एक नियम बदलून त्याचे परिणाम शेवटपर्यंत तपासण्याची त्यांची रीत तेथे मुलांच्या हाती आली पाहिजे.

वर्गातले दालन

रेणापूर हे रेणुकामातेचे गाव. गोंधळ, संबळ, तुणतुणे ही नावे इथल्या मुलांना पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. तुणतुण्यात तरी काय असते? एक पोकळ नळकांडे, तळाला चामडे, बाजूला काठी, वर खुंटी आणि एक तार. खुंटी पिळली की ताण वाढतो, स्वर चढतो. संबळाची एक बाजू बारीक बोलते, दुसरी घुमते. दोन्हींच्या तोंडाचा व्यास आणि चामड्याचा ताण मुलांना पाहू द्या, कारण त्यांनाच सांगू द्या. ‘गोंधळ्यांचे वाद्य’ म्हणून आपण जे शाळेच्या फाटकाबाहेर ठेवतो ते ध्वनीच्या धड्याचे उत्तम उपकरण आहे.

एका फळीवर ६० सेंटिमीटर तार ताणून बसवा. ती मोकळी वाजवून तो षड्ज माना. ठोकळा सरकवून ४५ सेंटिमीटरवर मध्यम, ४० वर पंचम आणि ३० वर तार षड्ज मिळतो का ते आधी अंदाज करून मग ऐकू द्या. भजनात बसणारा मुलगा येथे गणितात पहिल्या येणाऱ्यापेक्षा लवकर बरोबर ठरेल. त्या मुलाला वर्गात एकदा तरी तज्ज्ञ होता यावे, हे थोडे नाही.

आता त्यालाच विज्ञानकथा जोडा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. तो एक दशांश, म्हणजे ३४ मीटर झाला तर? मैदानाच्या एका टोकाला संबळ आणि १७ मीटरवर तुणतुणे असेल, तर एकाचा ठेका दुसऱ्याला अर्धा सेकंद उशिरा ऐकू येईल. गोंधळ चालणार कसा? ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या एस.टी.चा भोंगा मुळात षड्जात असेल, तर समोर उभ्या माणसाला तो जवळजवळ तार षड्जात ऐकू येईल आणि गाडी पुढे गेली की मंद्र मध्यमात! आजच्या वेगाला हा फरक दोन्हीकडे साधारण अर्ध्या स्वराचाच असतो, म्हणून कानाआड होतो. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ही आकडेमोड स्वतः करावी आणि त्यावर दोन पानांची गोष्ट लिहावी. वाक्यात अलंकार कमी असले तरी चालेल, परिणाम मात्र चुकता कामा नये.

सिअ‍ॅटलच्या संग्रहालयाने एक गोष्ट निःसंशय चांगली केली. लोक जे संगीत खरोखर ऐकतात आणि ज्या गोष्टी खरोखर वाचतात-पाहतात, त्यांना संग्रहालयात बसण्याचा मान दिला. तेवढा मान आपण आपल्या मुलांच्या कानांवर आधीच असलेल्या संगीताला द्यावा. विज्ञान केंद्राची सहल जरूर काढावी. पण निघण्यापूर्वी मुलांनी तुणतुण्याची तार पिळून पाहिलेली असेल, तर तेथील ध्वनीच्या दालनात ती नुसती कळ दाबणार नाहीत. ‘याचा ताण कुठे बदलायचा?’ असे विचारतील.